भांडं कुठलं बसवायचं?

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोटो पाठवला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. फोटोत त्यांच्या स्वयंपाकघराची संडासाला लागून असलेली भिंत होती. वरच्या कोपऱ्यातून चहा सांडल्यासारखा एक डाग खाली उतरत होता. त्याखाली मेसेज: ‘बघ गं, वरून तुमचंच पाणी आहे. खाली माझे डाळ-तांदळाचे डबे आहेत.’

आमचा फ्लॅट साताऱ्यात, १९९४ साली बांधलेल्या एका इमारतीत. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, एक न्हाणीघर आणि त्याला चिकटून एक संडास. संडास तीन फूट रुंद आणि चार फूट लांब. आत पांढरं देशी भांडं, एक नळ, एक बादली, एक मग. वर फ्लशची टाकी होती, पण तिची साखळी मी शाळेत असताना तुटली आणि मग सगळे बादलीवरच आले. तीस वर्षांत त्या खोलीत बदललेली एकमेव वस्तू म्हणजे मग.

शनिवारी मी घरी गेले. मिस्त्री आले, त्यांनी टॉर्च मारून कोपरे बघितले, चप्पल काढून अनवाणी पायाने फरशी दाबून बघितली आणि म्हणाले, “वरून सिमेंट फासून भागायचं नाही. फरशी उचलायची, आतला भराव काढायचा, पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं.” वहीत आकडे मांडता मांडता त्यांनी विचारलं, “आणि भांडं कुठलं बसवायचं?”

“आहे तसलंच,” बाबा म्हणाले.

“कमोड,” मी म्हणाले.

दोघांची उत्तरं एकाच वेळी आली. मिस्त्रींनी पेन कानामागे ठेवलं. त्यांना हा प्रकार नवा नसावा. “तोडफोड दोन दिवस चालेल,” ते म्हणाले. “तोवर ठरवा. पाइप टाकायच्या आत सांगा म्हणजे झालं.”

आजी टीव्ही बघत होती. आई स्वयंपाकघरात मिस्त्रींसाठी चहा करत होती.

*

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कुठलाही प्रश्न आला की मी आधी त्याचं एक्सेल शीट करते आणि मग तो समजून घेते. हा क्रम उलटा आहे हे मला माहीत आहे, तरी सवय जात नाही. त्या रात्री शीटमध्ये चार रांगा झाल्या.

पहिली, ओरिसा पॅन. हे आपलं नेहमीचं देशी भांडं, पाय ठेवायच्या रुंद खाचा दोन्ही बाजूंना भांड्यातच असतात. स्वस्त, दणकट, शरीराचा कुठलाच भाग कशाला टेकत नाही. दुसरी, जमिनीवर बसवायचा साधा कमोड. तिसरी, भिंतीला टांगलेला कमोड. हा दिसतो सुंदर, त्याच्याखालून फरशी सरळ पुसता येते, पण त्याची टाकी भिंतीत लपवावी लागते आणि माणसाचं सगळं वजन भिंतीवरच्या लोखंडी चौकटीवर येतं. आमची मधली भिंत चार इंची विटेची. ती रांग तिथेच लाल झाली. चौथी, अँग्लो-इंडियन. उंची कमोडची, पण कडेला पाय ठेवायला जागा, म्हणजे हवं तर टेकून बसा, हवं तर वर चढून उकिडवे बसा. सरकारी विश्रामगृहांत, जुन्या लॉजमध्ये तो भेटतो. दोन पिढ्यांना एकाच भांड्यात खूश करायचा हा प्रयत्न. ओल्या पायांनी सोळा इंच वर चढायचं, ही कल्पना मला ब्याऐंशी वर्षांच्या आजीसाठी करवेना. तीही रांग लाल.

शीटच्या सगळ्यात वर मी लिहिलं होतं: ‘मुख्य वापरकर्ती : आजी’. आमच्या घरात म्हातारं माणूस तेच, म्हणून त्रास तिलाच, असा माझा सरळ हिशेब.

रविवारी बाबा आणि मी पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो. तिथे पंचवीस-तीस कमोड ओळीने मांडलेले होते. गादी घेताना माणूस दुकानात तिच्यावर लोळून बघतो, चप्पल घेताना चार पावलं चालून बघतो. कमोडवर मात्र कुणी बसून बघत नाही. सगळे हात मागे बांधून, पुतळ्यांच्या प्रदर्शनात आल्यासारखे फिरत असतात. दुकानदाराने मला विचारलं, “भिंतीपासून पाइपचा मध्य किती? नऊ इंच की बारा?” मला माहीत नव्हतं. कमोडचं तोंड खाली जमिनीत उघडतं की मागे भिंतीत, आणि भिंतीपासून ते किती लांब आहे, हे आधी ठरतं. रंग आणि आकार त्यानंतर. हजारो रुपयांचा कमोड घरी आणून दोन इंचांनी चुकलेले लोक आठवड्याला एक तरी येतात, असं त्याने सांगितलं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. देशी असो, विलायती असो, सगळ्यांच्या पोटात तोच वाकडा पाइप असतो. त्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि ते पाणीच खालचा वास वर येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली त्याचं पेटंट घेतलं. पाणी भरलेलं साधारण पन्नास मिलिमीटरचं वळण, त्यात हलणारा एकही भाग नाही, आणि ते अडीचशे वर्षं चाललंय. आम्ही लिहिलेला कोड अडीच वर्षं टिकला तर टीमला पार्टी देतात.

*

बाबांची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती बरीचशी बरोबर होती.

बाबांचं म्हणणं, कमोडवर पोट साफ होत नाही. मी ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान समजून खोडायला गेले आणि अडकले. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाभोवती एका स्नायूचा फास असतो. आपण उभे असताना किंवा खुर्चीवर बसलेले असताना तो तिथे एक वळण टिकवून ठेवतो, नळीला मुरड घालून पाणी थांबवावं तसं. उकिडवं बसलं की ते वळण बरंच सरळ होतं आणि वाट मोकळी होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायलमधल्या डॉक्टरने २८ निरोगी माणसांना तीन प्रकारे बसवून वेळ मोजला होता. उकिडवं बसून सरासरी ५१ सेकंद लागले आणि नेहमीच्या उंचीच्या कमोडवर १३०. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या अलेक्झांडर किरा यांनी तर १९६६ साली ‘द बाथरूम’ नावाचं अख्खं पुस्तक लिहून बाथरूममधल्या वस्तू माणसाच्या शरीराला धरून बनवल्या जात नाहीत, हे दाखवून दिलं होतं.

“बघ,” बाबा म्हणाले. “त्यांचेच लोक सांगतात.”

दुसरं म्हणणं स्वच्छतेचं. “आल्यागेल्या सगळ्यांनी बूड टेकलेल्या जागी मी बसणार नाही.” आमच्याकडे येणारे-जाणारे म्हणजे वर्षातून दोनदा आत्या आणि गणपतीत दोन-तीन माणसं. पण मुद्दा तत्त्वाचा होता. तिसरं म्हणणं बाबा थेट बोलले नाहीत, ते मला नंतर कळलं. त्यांच्या डोक्यात कमोड म्हणजे दुखणं. त्यांच्या वडिलांना शेवटच्या वर्षी भोक पाडलेली खुर्ची आणली होती. कमोड घरात आला की म्हातारपण घरात आलं.

मी आजीचं नाव पुढे करत राहिले. “तुमच्यासाठी नाही, आजीसाठी म्हणतेय.” आजीला ऐकू कमी येतं, म्हणून ती या चर्चेत नव्हती. आई येऊन-जाऊन होती. भाजी वाढत होती, ताक ओतत होती. तिला मी एकदा विचारलं, “तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “तुम्ही ठरवाल ते.” मी ते उत्तर शीटमध्ये ‘हरकत नाही’ असं लिहून घेतलं.

आता मागे वळून बघताना मला त्या अभ्यासातला ‘निरोगी’ हा शब्द टोचतो. मी तो वाचला होता आणि पुढे गेले होते.

*

सोमवारी तोडफोड सुरू झाली. मी घरूनच काम करत होते, कानात हेडफोन घालून, तरी प्रत्येक कॉलमध्ये कुणीतरी विचारायचंच, “तुझ्याकडे काय चाललंय?” समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं पुण्याला मुलाकडे गेलेलं. त्यांची किल्ली आईकडे असते. त्यांना फोन करून विचारलं आणि आमची सगळ्यांची सोय तिकडे झाली. त्यांच्याकडे कमोड आहे.

दुपारी मिस्त्रींनी हाक मारली. “काका, जरा बघायला या.”

भिंतीची टाइल फोडलेली होती. आत जुना लोखंडी पाइप, गंजून तांबडा झालेला. नळ जिथे बसतो तिथल्या एल्बोला बारीक चीर होती. मिस्त्रींनी नळ हाताने हलवून दाखवला. दाताच्या डॉक्टरने हलता दात दाखवावा तसा. “भांड्याचा जॉइंट अजून धरून आहे,” ते म्हणाले. “पाणी इथून जातंय. भिंतीतून खाली भरावात, भरावातून खालच्या घरात. हा नळ वर्षानुवर्षं खाली ओढला गेलाय. कुणीतरी याला धरून उठतंय.”

आम्ही सगळ्यांनी वळून आजीकडे बघितलं.

आजी दारात उभी होती. बाबांनी तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, “आई, तू नळाला धरून उठतेस का?”

“मी?” आजीला अपमानच वाटला. “मला कशाला लागतोय नळ?” आणि तिने पॅसेजमध्ये, विटांच्या तुकड्यांच्या पाटीशेजारी, पदर खोचला, खाली बसली आणि उठली. हात कुठेही न टेकता. ब्याऐंशी वर्षं. अर्धं आयुष्य शेतात भांगलण करत उकिडवी बसलेली बाई. मिस्त्रींचा पोऱ्या हसला. बाबाही हसले.

मग कुणी हसेना. घरात माणसं तीन. बाबा नळ धरून उठत नाहीत, हे बाबांना माहीत होतं.

आई स्वयंपाकघरात कुकरची शिटी मोजत उभी होती. तिची पाठ आमच्याकडे होती.

*

आई सत्तावन्न वर्षांची आहे. आमच्या घरात हे वय कुठल्याच यादीत येत नाही. आजी म्हातारी, बाबा निवृत्त, मी नोकरी करणारी. आई आपली असते.

संध्याकाळी ती समोरच्या फ्लॅटमध्ये निघाली तेव्हा मी सोबत गेले. ती आत गेली, बाहेर आली, तिथल्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघी सोफ्यावर बसलो. मी विचारलं, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“गुडघे.”

“झाली की चार-पाच वर्षं. उजवा जास्त.” ती पदराने हात पुसत होती. “बसताना एवढं नाही गं. उठताना जीव जातो.”

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं त्यात? संडासाला बसता येत नाही, हे कुणाला सांगतात का? यांना सांगू?” ती जराशी हसली. मग म्हणाली, “मार्चमध्ये एकदा उठताच आलं नाही. हे बँकेत गेलेले. आजींना हाक ऐकू जात नाही. वीसेक मिनिटं तशीच होते.”

“मग?”

“मग काय. उठले. नळ धरून.”

मला काय बोलावं ते सुचेना. तिनेच पुढे सांगितलं, इतकं सहज की जणू स्वयंपाकातली युक्ती सांगतेय. सकाळी एकदा बसायला लागतंच, त्याला इलाज नाही. पण दिवसभरातल्या बाकीच्या फेऱ्या कमी करता येतात. पाणी कमी प्यायचं. सकाळी चहा, जेवताना घोटभर, संध्याकाळी पुन्हा चहा. दुपारनंतर तर शक्यतो नाहीच, म्हणजे रात्री उठायला लागत नाही.

गेल्या वर्षी तिला दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. दोन्ही वेळेला डॉक्टरांनी सांगितलं, पाणी भरपूर प्या. मी तिच्या फोनमध्ये पाणी प्यायची आठवण करणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं. दर दोन तासांनी ते टिंग वाजायचं. ती ते बंद करायची. मी पुण्याहून फोनवर तिच्यावर चिडायचे, “आई, साधं पाणी प्यायचं, त्यात काय अवघड आहे?”

आणि हे मला कळायला हवं होतं, कारण ही युक्ती मला चांगली माहीत आहे. पुण्याहून एसटीने साताऱ्याला येताना मी निघायच्या तासभर आधीपासून पाणी पीत नाही. स्टँडवरचं बायकांचं स्वच्छतागृह कसं असतं ते मला ठाऊक आहे. ट्रेकला, लग्नाला, परीक्षेच्या सेंटरवर, मी आणि माझ्या सगळ्या मैत्रिणी हेच करत आलो आहोत. मुंबईत बायकांच्या संघटनांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाने चळवळ चालवली, सार्वजनिक मुताऱ्या बायकांनाही मोफत आणि स्वच्छ मिळाव्यात म्हणून. कॉलेजात असताना मी त्यावर तावातावाने बोलले होते. माझ्या डोक्यात तो रस्त्यावरचा, स्टेशनवरचा प्रश्न होता. माझी आई तेच स्वतःच्या घरात, स्वतःच्या संडासापासून दहा पावलांवर करत होती.

*

त्या रात्री मी शीट उघडलं आणि सगळ्यात वरची ओळ खोडली. मग लॅपटॉप बंद केला आणि आईला विचारलं, “तुला कसा हवा?”

एकदा विचारल्यावर तिच्याकडे सगळं तयार होतं. इतकी वर्षं तो संडास तीच रोज घासते. भांड्याचा आकार आतून सरळ हवा, खाचा नकोत, खाचांत पिवळं धरतं. बाहेरची बाजूही गुळगुळीत हवी, नक्षी नको. कमोडच्या मागे आणि भिंतीमध्ये हात जाईल एवढी जागा हवी नाहीतर झाडू नकोच, कारण तिथे धूळ आणि केस अडकून बसतात. फरशी काळी नको, पाण्याचे डाग दिसतात. अगदी पांढरीही नको. खडबडीत हवी, पण इतकीही नाही की मळ निघणार नाही. दार आत उघडतं, ते बाहेर उघडायला हवं. “आत कुणी पडलं तर दार उघडणार कसं?” ती म्हणाली. मार्चमधल्या त्या वीस मिनिटांत तिने हा विचार केलेला असणार.

घासण्याचं बोलणं निघालं तेव्हा बाबांनी आजीला मोठ्याने सगळं समजावून सांगितलं. आजी बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिच्या माहेरचं सांगायला लागली. साताऱ्यातल्या जुन्या पेठेतलं घर. मागे बोळ, बोळाच्या बाजूने टोपलीचा संडास. पहाटे एक बाई मागच्या मागे यायची, टोपली काढून न्यायची. आजी म्हणाली, “लग्न होईपर्यंत त्या घरात होते मी. तिचं तोंड कधी बघितलं नाही.”

तो बोळ त्यासाठीच होता, घाण दिसू नये आणि ती उचलणारं माणूसही दिसू नये म्हणून. कुणी उचलायची हे जातीने ठरवलेलं होतं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मला हे भंगीकाम करू द्या अशी मागणी केली, ती नाकारली गेली म्हणून अन्न कमी केलं, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपास केला. ब्राह्मणाने मैला उचलणं हे सरकारला तुरुंगातही चालत नव्हतं. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, आमची इमारत उभी राहायच्या एक वर्ष आधी. तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. आणि आजही गटारात माणसं उतरवली जातात, मरतात.

आईचं संडास घासणं आणि त्या बाईचं टोपली उचलणं एका मापात घालता येणार नाही. आईला कुणी त्यासाठी गावाबाहेर ठेवलेलं नाही. पण आमच्याही घरात ते काम पहाटे, बाकीचे उठायच्या आत होतं, आणि मी सत्तावीस वर्षांत ते होताना क्वचित बघितलंय. भांडं कुठलं हवं यावर आम्ही दोन दिवस भांडलो आणि ते कोण घासणार हा प्रश्न कुणाच्याच तोंडी आला नाही.

*

मंगळवारी रात्री आम्ही उंची ठरवली. दुकानदाराने ज्येष्ठांसाठी म्हणून अठरा इंचांचा कमोड सुचवला होता. मला वाटलं होतं, जितका उंच तितका उठायला सोपा. पण आई जेमतेम पाच फूट. स्टुलावर पाट ठेवून मी अठरा इंच केले आणि तिला बसवलं, तर तिच्या टाचा जमिनीवर टेकेनात. मग पाट काढून जुनी वर्तमानपत्रं रचली आणि एकेक गठ्ठा कमी करत गेले. ती बसायची, उठायची, मान हलवायची. बाबा टेप घेऊन उभे होते. सतराला ती म्हणाली, “हां. हा बरोबर.” सीटसकट सतरा इंच.

ते बघता बघता बाबांचा विरोध संपला. ते काही बोलले नाहीत. सकाळी मिस्त्री आल्यावर त्यांनीच सांगितलं, “कमोड. सीटसकट सतरा इंच. मागे हात जाईल एवढी जागा सोडून.” आणि थोडं थांबून, “भिंतीला धरायला दांडी पण बसवा. चांगली मजबूत.”

दांडीचं मी बघते म्हणाले. इंटरनेटवर आकृत्या होत्या, उंची, भिंतीपासूनचं अंतर, सगळं. स्टेनलेस स्टीलची दांडी आणली, विटेत पक्की बसेल असे बोल्ट आणले. चार इंची भिंत, म्हणून मिस्त्रींनी पलीकडून पट्टी देऊन बोल्ट आवळले आणि स्वतः दांडीला लटकून दाखवलं. दाराच्या बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडतं केलं. कडी अशी, की बाहेरून नाणं घालून फिरवता येईल. फ्लश दोन बटणांचा, तीन आणि सहा लिटरचा. बाजूला जेट स्प्रे. त्यावर मात्र घरात पहिल्यापासून एकमत होतं. कागदाने पुसणं या विषयावर आमच्याकडे डावे-उजवे असा भेद नाही.

बाबांसाठी सात इंच उंचीचा एक छोटा चौरंग ठेवला. बसल्यावर त्यावर पाय ठेवायचे, गुडघे वर येतात, उकिडव्याच्या जरा जवळ जाता येतं. त्यांनी पहिल्या दिवशी त्याला नावं ठेवली. आता तो चौरंग दुसऱ्या कामाला घेतलेला त्यांना चालत नाही. मोबाइल घेऊन ते आत किती वेळ बसतात हे बघता १३० सेकंदांचा तो आकडा फारच कमी वाटतो.

गमावलं ते आजीने. हे मला लिहायलाच हवं, कारण ही सगळ्यांना आनंदी करणारी गोष्ट नाही. तिला काहीच अडचण नव्हती आणि आमच्या निर्णयाने ती तयार झाली. पहिले कित्येक दिवस तिला होईना. “बसल्या बसल्या वाटतं, कुणाची तरी वाट बघत बसलेय,” ती म्हणाली. बाबांचा चौरंग तिला जमला नाही. आईने तिच्या रात्रीच्या दुधात तूप घालायला सुरुवात केली, आणि हळूहळू बसलं गणित. पण ती अजून कुणी पाहुणं आलं की सांगते, “माझं भांडं काढून टाकलं यांनी.” जागा एक असली की कुणाच्या तरी शरीराप्रमाणे ती बांधली जाते आणि बाकीच्यांना जुळवून घ्यावं लागतं. तीस वर्षं आई जुळवून घेत होती. आता आजी घेते. आजीला ते निदान मोठ्याने बोलता येतं.

खालच्या काकूंची भिंत वाळली. सगळ्याचा खर्च पंच्याऐंशी हजारांपर्यंत गेला. त्यात कमोड साडेसात हजारांचा.

मी पुण्याला परतल्यावर तीन आठवड्यांनी, ऑफिसच्या वेळेत आईचा फोन आला. ती या वेळेला कधी फोन करत नाही. मी घाबरूनच उचलला.

“ऐक ना,” ती म्हणाली. “ती दांडी तू उजवीकडे बसवलीस.”

“हो. आकृतीत तशीच होती.”

“माझा उजवा गुडघा दुखतो गं. मी सगळा भार डाव्यावर देते. उठताना माझा डावा हात जातो. डावीकडे हवी होती.”

मी कपाळाला हात लावला. उंची मोजली, अंतर मोजलं, बोल्ट मोजले. हात कुठला, हे विचारलं नव्हतं.

“थांब, मी शनिवारी आल्यावर मिस्त्रींना सांगते,” मी म्हणाले.

“कशाला?” आई म्हणाली. “मी सांगितलंय. उद्या येतायत ते. उजवीकडची राहू दे म्हटलं, दुसरी डावीकडे लावा. तुला फक्त कळावं म्हणून फोन केला.”

मागे नळ सोडल्याचा आवाज येत होता. ती पिण्याचं पाणी भरून ठेवत होती.